जेडेडाया बक्स्टन आणि त्याची स्मरणशक्ति

अठराव्या शतकांत इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत, एल्मटन खेड्यांत, जेडेडाया बक्स्टन हा शेतमजूर राहत असे. आजा धर्मोपदेशक, बाप शाळामास्तर; पण यास लिहितां येत नसे. अंक मात्र कायमचे लक्षांत राहत. शेत पायांखालीं घालून तो त्याचें क्षेत्रफळ सांगे. बाराव्या वर्षापासून कोणाकडे किती बिअर फुकट मिळाली, हा हिशेबही (बालवाचकांनीं क्षमा करावी!) त्यास मुखोद्गत होता.

१७५४ सालीं तो पायीं लंडनास गेला. रॉयल सोसायटीच्या विद्वानांनीं त्याची परीक्षा घेतली. पुढें त्यास ड्रूरी लेन नाटकगृहांत विख्यात नट गॅरिक याचें ‘तिसरा रिचर्ड’ हें नाटक दाखविलें. इतरांचें लक्ष राजाच्या पापांकडे. यानें नटाचे शब्द आणि नर्तकांचीं पावलें मोजलीं.

त्यास मंदबुद्धि म्हणणें आम्हांस रुचत नाहीं. १९४४ सालीं व्हिएन्नाचे डॉक्टर आस्पेर्गर यांनीं वर्णिलेल्या मुलांशीं त्याचें साम्य दिसतें. त्या स्वभावास आज ऑटिझममध्यें गणतात. अशा कित्येकांस स्वतः अनुभवलेला प्रसंग सलग आठवणें जड जातें, पण आवडीच्या विषयांतील सुटे तपशील पक्के राहतात. अर्थात् मृताची तपासणी कोण करणार?

लंडनांत तो रमला नाहीं. एल्मटनास परतून पुन्हां शेतांत राबूं लागला. १७७२ सालीं तो वारला.