मास्तरकी सोडून नांगराकडे : लक्ष्मणराव किर्लोस्कर

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे ठरले तेव्हा संत, समाजसुधारक आणि स्वातंत्र्यसैनिक यांची नावे साहजिकच पुढे आली. मी एका कारखानदाराची निवड केली. त्याला कारण आहे. पुढे काय करणार, या प्रश्नावर आज दहावीच्या वर्गात स्वतःचा व्यवसाय करू, असे सांगणारी मुले असतात. त्यांच्यापैकी काहींचे पालक नंतर कार्यालयात येऊन, मुलाला चार समजुतीच्या गोष्टी सांगा, अशी गळ घालतात. हा पेच आजचा वाटतो, पण तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घरात मराठी आणि अंगणाबाहेर कानडी, ही स्थिती महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते, तर मुलाचे लक्ष चित्रांत आणि यंत्रांत. अशा कुटुंबातील मुलाने शिकून प्रतिष्ठेची नोकरी धरावी, ही त्या काळची रीत होती. हातांना काळे लावणारे काम कारागिरांचे समजले जाई. तरीही १८८५ साली वडिलांच्या मनाविरुद्ध लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाला. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजेच रामूअण्णा, यांनी पैशाचा भार उचलला म्हणूनच हे घडले. चरित्र लक्ष्मणरावांचे असले, तरी माझ्या मते त्यातला पहिला मान रामूअण्णांचा आहे.

दोन वर्षांनी लक्ष्मणला आपल्यातील रंगांधळेपणाची जाणीव झाली. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून कठोर निकाल कोणता? त्याने रंग बाजूला ठेवले, रेषा मात्र सोडल्या नाहीत. तो यांत्रिक आरेखन शिकला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत दरमहा ४५ रुपयांवर त्याच विषयाचा साहाय्यक शिक्षक झाला. मोकळ्या वेळात यंत्रशाळांत जावे, यंत्र उघडलेले पाहावे, दुरुस्ती हाताने करून पाहावी, हा त्याचा क्रम होता. बेळगावात बंधूंच्या साह्याने सायकलींचे दुकानही सुरू झाले. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ पासून मोजतात, तो या दुकानापासूनच. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

तेथे छोट्या कारखान्यात प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो, तर लोखंडी नांगर ती खोलवर फोडून उलथतो. पण लोखंडाने भूमी विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली! तयार माल कोपऱ्यात पडून असताना, मजुरी आणि कर्ज अंगावर असताना, दोन वर्षे धीर धरणे म्हणजे काय, हे धडाडी हा शब्द सहजपणे वापरणाऱ्यांनी क्षणभर मनात आणून पाहावे. मला स्वतःला या चरित्रात यशापेक्षा ही दोन वर्षे अधिक थांबवून ठेवतात.

धंदा मार्गी लागत असताना नवीन वसाहतीसाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. लक्ष्मणराव चाळिशीत होते. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात बोलावून घेतले, दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांची वस्ती. १९१० मध्ये पंचवीस कामगार आपापल्या कुटुंबांसह तेथे राहायला आले आणि किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

या वाडीतील माणसांची निवड पाहण्यासारखी आहे. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली, हिशेब मंगेशराव रेगे यांनी, यंत्रे शंभूराव जांभेकरांनी. अनंतराव फळणीकरांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते, पण यंत्र त्यांना उपजतच कळे. दरोड्यासाठी शिक्षा भोगलेल्या पिऱ्या मांग आणि तुकाराम रामोशी यांच्यावर पहाऱ्याचे काम सोपविले गेले आणि त्यांनी ते विश्वासाने केले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. गुणपत्रकावरून माणसाची किंमत ठरविण्याची सवय असलेल्या आम्हा शिक्षकांना येथे थोडे खाली पाहावे लागते.

१९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक काढले. नांगरांच्या कारखान्यातून निघालेल्या या खबरीचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, 'स्त्री' आणि 'मनोहर' आली आणि मराठी घरांच्या वाचनाला नवे वळण लागले. मराठीच्या शिक्षिकेने या ऋणाचा उल्लेख न करणे बरे नव्हे.

लक्ष्मणरावांच्या मुलाच्या वाट्याला वडिलांसारखा विरोध आला नाही. शंतनुरावांना त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत पाठविले. १९२६ मध्ये ते अभियंता होऊन परतले आणि हळूहळू कारभाराची सूत्रे पुढच्या पिढीकडे गेली. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रे घडविणारी यंत्रे बनविण्याचा कारखाना निघाला, १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्याला ऑइल इंजिनांचा. स्वतःच्या कष्टाने उभारलेले काम जिवंतपणी दुसऱ्याच्या हाती देणे कित्येक कर्तबगार वडिलांना साधत नाही. त्यांना ते साधले.

गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, १९४८ च्या आरंभी, किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि तो चालू असलेला पाहूनच २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. कुंडल रोड स्थानकाच्या पाटीवर तर कधीच किर्लोस्करवाडी हे नाव लागले होते.