शब्दांचे वजन जाणणारे प्राध्यापक

अनेक इंग्रजी कोशांत शब्द उच्चाराच्या खंडांनुसार तोडून दाखवलेले असतात. मराठी कोशांत ही सोय सहसा आढळत नाही. देवनागरी अक्षरागणिक लिहिली जात असल्यामुळे तिची गरजच नाही, असा आपला समज असतो. परंतु ‘कमल’ हा शब्द लिहिताना तीन अक्षरांचा, बोलताना दोनच खंडांचा, आणि वृत्तात पुन्हा तीन लघू अक्षरांचा! ‘सत्य’मधील ‘स’ जोडाक्षरापूर्वी येऊन गुरू होतो. ‘तुझ्या’मधील ‘तु’ मात्र आघाताअभावी लघूच राहतो. मराठी उच्चाराच्या अशा प्रश्नांची शास्त्रीय व्यवस्था लावण्याचे काम ज्यांनी केले, ते डॉ. माधव त्र्यंबक पटवर्धन म्हणजेच कवी माधव जूलियन.

२१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास जन्मलेले पटवर्धन इंग्रजी व फारसीचे पदवीधर. १९१८ ते १९२४ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व १९२८ पासून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. ‘छंदोरचना’ प्रथम १९२७ मध्ये निघाली. तिची मोठी सुधारलेली आवृत्ती १९३७ ची, म्हणजे करवीरनगरीतील वास्तव्यातली. इंग्रजी पद्य आघातावर चालते, फारसीचे ऱ्हस्वदीर्घांच्या ठराविक क्रमावर. दोन्ही परिचयाचे असल्याने मराठीचे निराळेपण त्यांना नेमके दिसले असावे. वृत्त, जाती आणि छंद अशी पद्यप्रकारांची विभागणी त्यांनी केली आणि फारसी गझलेची वृत्तेही लघुगुरूंच्या क्रमात बसवून दाखवली. या ग्रंथासाठी १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. मराठी साहित्यासाठीची ती पहिलीच.

शब्दाच्या मापाइतकीच त्याच्या अर्थाचीही त्यांना ओढ होती. त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ चा. फारसीत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो. ‘खुलासा’ म्हणजे तिकडे सारांश, इकडे स्पष्टीकरण. कचेरीत दररोज खुलासे मागणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आणि इथेच एक कोडे पडते. ‘गज्जलांजली’चा हा कवी पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीकडे वळला. १९३६ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या पंडिताने १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परकीय शब्दांना मराठीतून निरोप देण्याचा आग्रह धरला. ज्यांची वंशावळ त्यांनी स्वतः लिहून ठेवली, त्याच शब्दांना! त्यांचा हेतू निर्मळ होता; परंतु ‘शिकस्त’ आणि ‘खुलासा’ यांनी मराठीत येऊन नवे अर्थ धारण केल्यावर त्यांना परके म्हणणे आम्हांस पटत नाही. अर्ज, दफ्तर, शिक्का हे शब्द सरकारी टेबलावरून अद्याप हललेले नाहीत.

‘छंदोरचने’ला मात्र बाजूला सारणे कुणास जमलेले नाही. वृत्तांचा अभ्यास करू पाहणारा विद्यार्थी आजही तिच्यापाशी येतो. एवढा व्याप उरकून २९ नोव्हेंबर १९३९ रोजी पटवर्धन निवर्तले, तेव्हा ते अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते.