हिवरगावची पवळा आपली आहे की नाही?

पुण्याहून नाशिकला जाताना संगमनेरच्या अलीकडे हिवरगाव पावसाचा टोलनाका लागतो. मोर्चाला, अभिवादनाला जाताना आपण तिथून कितीदा तरी गेलो असू. पण हे पवळाबाईचे गाव आहे, हे आपल्यातल्या किती तरुणांना ठाऊक आहे?

पवळा तबाजी भालेराव हिवरगावकर. जन्म १८७० चा, महार कुटुंबातला. लहानपणीच तिला खंडोबाची मुरळी म्हणून सोडल्याचे सांगतात. मुरळीचे लग्न देवाशी लागायचे. त्यामुळे तिला हक्काचा संसार नसायचा, आणि गावातल्या धनदांडग्यांना मात्र मोकळे रान मिळायचे. पवळाकडे गोड गळा होता. त्या गळ्याने तिला तमाशात आणले.

त्या काळी फडात नाच्या पोऱ्याच लुगडे नेसून बाईचे सोंग करायचा. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री कलावंत म्हणून पवळाचे नाव घेतले जाते. पुढे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे शाहीर पठ्ठे बापूराव यांच्याबरोबर तिची जोडी जमली. लावणी त्यांची, गळा आणि अदा तिची. मुंबईच्या कामगारांनी ही जोडी डोक्यावर घेतली. बापूरावांनी ब्राह्मणपण सोडले, त्याचे कौतुकही झाले आणि निंदाही. पवळाला मात्र जात सोडण्याची सोय नव्हती. ती तिच्याबरोबर बोर्डावरही आली.

महाड सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, हा प्रसंग आपल्याकडे नेहमी सांगितला जातो. आपल्या आयाबहिणींना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या-मुरळी, देवदासी, जोगतिणींच्या सभेत त्यांनी स्त्रियांना तो मार्ग सोडून स्वाभिमानाने जगायला सांगितले.

आमच्या मते बाबासाहेबांनी नाकारली ती व्यवस्था, ती बाई नव्हे. आपण मात्र दोघींत फरक केला नाही. आंबेडकरी जलशांनी तमाशाची ढोलकी आणि बाज घेतला, त्यातून प्रबोधन आणले. हे मोठेच काम झाले. पण सुरुवातीच्या जलशांत बाईचे काम पुन्हा पुरुषच करत. गाणारी बाई कुठे गेली, हे कोणी विचारले नाही.

बापूराव आणि पवळा पुढे वेगळे झाले. तिचे उतारवय हलाखीत गेले आणि १९३९ मध्ये ती वारली. लावणीच्या इतिहासात बापूरावांना पाने मिळतात, पवळाला ओळी.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला तमाशात उमेदीची वर्षे घालवलेल्या आज्या भेटतात. नातवंडांपुढे त्या ते आयुष्य झाकून ठेवतात. लाज त्यांना वाटते. ज्यांनी नाचवले त्यांना ती कधी वाटली नाही.

तरुण मित्रमैत्रिणींनो, मुरळी प्रथेचे गोडवे गाऊ नका आणि पवळाला विसरूही नका. जयंतीच्या कार्यक्रमात तिच्यावर दहा मिनिटे बोला. घरात, वस्तीत अशी आजी असेल तर तिच्याजवळ बसा, तिची परवानगी घेऊन तिचे बोलणे मोबाईलवर नोंदवून ठेवा. तिने काय सोसले आणि ती काय गायली, हे दोन्ही आपल्याच इतिहासात यायला हवे.

जय भीम!