वतनाकडून धम्माकडे

परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. महू, सातारा, एल्फिन्स्टन हायस्कूल, कोलंबिया, महाड, येवला, नागपूर हा क्रम विहारात येणारी लहान मुलेही सांगतात. त्या क्रमात आपल्या नगर जिल्ह्यातले हरेगाव मात्र सहसा येत नाही. 16 डिसेंबर 1939 रोजी आजच्या श्रीरामपूर तालुक्यातील या गावी महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेबांनी तेथे वतनाच्या प्रश्नावर समाजाला जागे केले. त्यांच्या आयुष्याचा केवढा मोठा भाग या एका प्रश्नाने व्यापला होता, याचा आपल्याला विसर पडला आहे.

वतन म्हणजे काय, हे माझ्या वर्गातील मुलांना आता समजावून सांगावे लागते. आनंदाचीच गोष्ट आहे ती. सारा भरण्यासाठी रयतेला चावडीवर बोलावणे, जमलेली रक्कम तालुक्याच्या कचेरीत पोचवणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, रात्रीची गस्त, मयताचा सांगावा, मेलेली जनावरे ओढणे, ही सारी कामे महाराची. कामाला वेळेचे बंधन नव्हते. वतनदार घरी नसला तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला धरून नेत. मोबदला म्हणून थोडी हाडोळ्याची इनाम जमीन, खळ्यावरचे बलुते, आणि संध्याकाळी काठी आपटत दारोदार मागितलेली भाकर. जमीन दर पिढीला वाटली जाई. वाटेकरी वाढत, तुकडा लहान होई. तरीही बेदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांच्या गोष्टी सांगत आपली वडीलधारी मंडळी या लाचारीला मान समजत होती.

बाबासाहेबांचा जन्म या चाकोरीबाहेरचा. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, परंतु आजोबा मालोजी फौजेत गेले, वडील रामजी सुभेदार झाले, आणि 14 एप्रिल 1891 रोजी भीमरावांचा जन्म महूच्या छावणीत झाला. या घरात महिन्याचा पगार होता, पुस्तके होती. येसकराची काठी त्यांच्या हाती कधी आली नाही. वतन कसे सुटते आणि सुटल्यावर माणूस कसा उभा राहतो, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

पण वतन सुटले म्हणून जात सुटत नाही, हेही त्यांना फार लवकर कळले. 1901 साली वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. जात कळताच तो पाच पावले मागे सरला. गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. बरोबर डबा होता, पण पाणी कोणी दिले नाही. रात्र उपाशीच गेली. पुढे 1917 साली अमेरिकेहून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले, तेव्हा शिपाई कागद लांबून टाकीत आणि राहण्याच्या जागेतून त्यांना हुसकावून काढण्यात आले. फौजेचा पगार झाला, परदेशी पदवी झाली. उरले काय होते?

1927 मध्ये महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, आणि त्याच परिषदेत मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. बहिष्कृत भारतातून वतनावर लेख लिहिले. 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. मागणी साधी होती. ज्याला सेवा नको त्याला ती सोडता यावी, पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडेच राहावी, आणि बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी. भाकरीसाठी ज्याला दारात उभे राहावे लागते तो घरधन्यासमोर मान वर करू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. विधेयकाची चिकित्सा समितीत इतकी मोडतोड झाली की 1929 मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. 1937 मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

मधल्या काळात, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, कोपरगावच्या शेजारच्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. आपल्या जिल्ह्याला धर्मांतर नवे नव्हते. अमेरिकन मिशन 1831 पासून नगरला आहे आणि आपल्यातील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. शाळा मिळाली, दवाखाना मिळाला. पण गावात घर बहुधा महारवाड्यातच राहिले. माझ्या मते बाबासाहेबांनी वतन आणि धर्म हे दोन्ही लढे बरोबरीने चालवले, त्याचे कारण इथे सापडते.

हरेगावच्या परिषदेपुढचा प्रश्न जुडीचा होता. सरकारने वतन जमिनींवरची आकारणी वाढवली होती, राबणूक मात्र तशीच. हरेगावात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता. एका बाजूला कामाच्या हिशोबाने रोख मजुरी आणि दुसऱ्या बाजूला पिढीजात फुकटची चाकरी, दोन्ही एकाच शिवारात दिसत होत्या.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा झाली, आणि 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण. दीक्षेनंतर गावोगाव लोकांनी ढोरे ओढणे आणि येसकराची पाळी बंद केली. बलुते थांबले, बहिष्कार पडले, शेतावरचे काम गेले. आमच्या घरी आजी सांगायची की त्या साली घरात दाणा नव्हता, आणि पणजोबा रात्री अंगणात बसून जुन्या हक्कांची आठवण काढीत. पंचशील म्हणायला ते सर्वांत आधी येत, पण काठी टाकल्याचे दुःखही त्यांना होते. आजीला याचा राग येई. मला आता येत नाही.

वतने रद्द करणारा कायदा 1958 मध्ये झाला आणि 1 ऑगस्ट 1959 पासून अमलात आला. जमीन परत मिळवण्यासाठी आकाराच्या तिप्पट रक्कम सरकारात भरायची होती. ज्यांचे बलुते तीन वर्षांपूर्वीच बंद झाले होते, त्यांतील कित्येकांना तेवढीही जमली नाही. पणजोबांनी शेळ्या विकून ती भरली.