युद्ध, राष्ट्राध्यक्षपद आणि तबेला : घोड्यांसाठी रोज वेळ काढणाऱ्या युलिसिस ग्रँटची गोष्ट

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. साल १८७२. रस्त्यावरून एक बग्गी सुसाट निघाली होती. ड्युटीवरच्या पोलिसानं हात करून ती थांबवली. लगाम कोणाच्या हातात आहेत ते पाहिलं, तर खुद्द देशाचे राष्ट्राध्यक्ष. विल्यम वेस्ट नावाच्या या कृष्णवर्णीय पोलिसानं आदल्याच दिवशी त्यांना वेगाबद्दल समज दिली होती. राष्ट्राध्यक्षांनी ती ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. या वेळी वेस्टनं त्यांना चौकीवर नेलं. निवृत्त झाल्यावर १९०८ साली वेस्ट यांनीच ही हकीकत वर्तमानपत्राला सांगितली.

त्या राष्ट्राध्यक्षांचं नाव युलिसिस ग्रँट. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजांना विजय मिळवून देणारे सेनापती आणि नंतर १८६९ ते १८७७ अशी सलग दोन वेळा राष्ट्राध्यक्ष झालेले नेते. एवढ्या कामाच्या माणसाला घोडे पाळायला, त्यांची निगा राखायला आणि त्यांच्यावर बसायला वेळ कुठून मिळायचा? याचं उत्तर शोधायचं तर त्यांच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागते.

कातड्याचा वास नको, घोडा हवा

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ चा, ओहायो राज्यातला. वडील जेसी यांचा कातडी कमावण्याचा कारखाना होता. मुलाला त्या कामाची मनापासून किळस. पण घरात बसून खायचं हा प्रकार त्या घरात नव्हता. मग पोरानं स्वतःच मधला मार्ग काढला. कारखाना सोडून घोड्यांचं जे काही काम असेल ते सगळं आपण करायचं.

सात-आठ वर्षांचा असताना तो जंगलातून लाकडं वाहून आणू लागला. अकराव्या वर्षी नांगर धरण्याइतकी ताकद आली. तेव्हापासून सतराव्या वर्षापर्यंत नांगरट, मक्याची वाहतूक, दोन-तीन घोडे आणि एक-दोन गाईंचं दाणापाणी, चुलीसाठी लाकडं कापणं, हे सगळं त्यानं शाळा सांभाळून केलं. त्या बदल्यात घरातून काचणारी बंधनं नव्हती. काम झालं की पोहायला जा, मासे धरायला जा, नाहीतर घोडा घेऊन पंधरा मैलांवरच्या आजी-आजोबांकडे जा. घोडा हा त्याच्यासाठी शाळेनंतरचा छंद नव्हता, तर दिवसाचं कामच होतं. म्हणून वेगळा वेळ काढायचा प्रश्नच आला नाही.

याच वयातली एक फजिती त्यांना आयुष्यभर पुरली. शेजारच्या रॅल्स्टन नावाच्या माणसाकडे एक शिंगरू होतं. मालक २५ डॉलर मागत होता, वडील २० च्या वर जायला तयार नव्हते. मुलानं हट्ट धरला तेव्हा वडिलांनी शिकवून पाठवलं की आधी २० सांग, नाही म्हणाला तर साडेबावीस, तरीही नाही तर २५. आठ वर्षांच्या पोरानं जाऊन हे सगळंच्या सगळं रॅल्स्टनला सांगून टाकलं. सौदा किती डॉलरला झाला हे वेगळं सांगायला नको. गावातल्या पोरांनी कित्येक दिवस त्याला चिडवून हैराण केलं.

पुढे ते शिंगरू वर्षाला पाहता पाहता मोठं झालं, त्यानं त्याला कामाला लावलं, पण चौथ्या वर्षी त्याची दृष्टी गेली. त्यानं ते २० डॉलरला विकलं. नंतर चौदाव्या वर्षी तो मेजव्हिल गावी शिकायला गेला, तेव्हा तिथल्या नदीवरच्या नावेत आंधळे घोडे चाक फिरवत होते. त्यातला एक घोडा त्यानं ओळखला. तो त्याचाच होता.

घोडेस्वारीत पहिला, पण नेमणूक पायदळात

१८३९ साली वडिलांनी त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत घातलं. अभ्यासात ग्रँट बेताचेच होते. १८४३ मध्ये ३९ जणांच्या तुकडीत ते एकविसावे आले. मात्र घोड्यावर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. यॉर्क नावाच्या अवाढव्य आणि हट्टी घोड्यावरून त्यांनी घेतलेल्या उंच उडीची चर्चा अकादमीत पुढे अनेक वर्षं होत राहिली.

साहजिकच त्यांनी घोडदळ मागितलं. तिथे जागा नव्हती. अकादमीतल्या सर्वोत्तम घोडेस्वाराची नेमणूक झाली चौथ्या पायदळात.

तरी घोडा सुटला नाही. सेंट लुइसजवळ नेमणूक असताना ज्युलिया डेंट या मुलीशी ओळख झाली ती दोघांच्या घोडेस्वारीतूनच वाढली. १८४४ मध्ये तिला भेटायला निघाले असताना वाटेतला ओढा पुरानं भरून वाहत होता. ग्रँट यांनी घोडा पाण्यात घातला आणि ओलेचिंब होऊन पलीकडे गेले. १८४८ मध्ये त्यांचं लग्न झालं.

मधल्या काळात मेक्सिकोचं युद्ध झालं. सप्टेंबर १८४६ मध्ये माँटेरे शहरात त्यांच्या तुकडीचा दारूगोळा संपत आला. निरोप घेऊन जायचं तर प्रत्येक गल्लीच्या तोंडावरून गोळ्या येत होत्या. ग्रँट स्वतःहून निघाले. एक पाय जिनाच्या मागच्या कडेला अडकवायचा, एक हात घोड्याच्या मानेभोवती टाकायचा आणि घोड्याच्या अंगाआड एका बाजूला लटकून जायचं, अशा पद्धतीनं त्यांनी ते शहर पार केलं. ते आणि घोडा दोघेही सहीसलामत पोहोचले.

पडता काळ

१८५४ मध्ये ग्रँट यांनी लष्कर सोडलं आणि त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वर्षं सुरू झाली. सासऱ्यांच्या जमिनीवर शेती केली, स्वतःच्या हातानं लाकडी घर बांधलं, सेंट लुइसच्या रस्त्यांवर गाडीतून जळाऊ लाकूड विकलं. काहीच नीट चाललं नाही. १८५७ च्या नाताळाच्या सुमारास त्यांनी सोन्याचं घड्याळ २२ डॉलरला गहाण टाकलं. शेवटी १८६० मध्ये इलिनॉयमधल्या गलीना गावी जाऊन वडिलांच्या कातडी सामानाच्या दुकानात उभं राहावं लागलं. लहानपणी ज्या वासापासून पळ काढला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिथेच परत.

पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं. ग्रँट पुन्हा गणवेशात आले आणि पुन्हा घोड्यावर.

युद्धातले घोडे

युद्धात त्यांच्याकडे एक नाही, अनेक घोडे होते आणि प्रत्येकाचं काम वेगळं होतं. शायलोच्या रणांगणावर शत्रूपक्ष मागे टाकून गेलेला एक हाडं निघालेला, कुरूप घोडा त्यांच्या नजरेस पडला. बाकीचे हसले. ग्रँट यांनी ओळखलं की हा उत्तम जातीचा आहे. विश्रांती आणि नीट वैरण मिळाल्यावर तो खरंच उमदा निघाला. त्याचं नाव कांगारू.

व्हिक्सबर्गच्या मोहिमेत दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या भावाच्या मळ्यावरून एक तट्टू हाती लागलं. त्याचं नाव ठेवलं जेफ डेव्हिस. दिसायला लहान, पण चाल इतकी मऊ की लांबच्या मजलेसाठी ग्रँट त्यालाच घेत. आणि सगळ्यांत लाडका होता सिनसिनाटी. १८६४ मध्ये भेट मिळालेला हा घोडा खांद्याशी साडेपाच फुटांहून उंच होता. त्याच्यासाठी दहा हजार डॉलर देऊ करणारे होते, ग्रँट यांनी विकला नाही. तो सहसा दुसऱ्या कोणाला बसायला देत नसत. त्याला मोठा अपवाद होता राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा.

घोड्यांनी त्यांना इजाही केली. सप्टेंबर १८६३ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये एक बुजरा घोडा त्यांना घेऊन कोसळला. पाय इतका सुजला की दिवसेंदिवस अंथरूण सोडता आलं नाही. पुढच्या महिन्यात चॅटनूगाच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेकडे जाताना ते कुबड्यांवर होते.

सैन्यात ग्रँट यांचा आवाज चढलेला फारसा कोणी ऐकला नव्हता. १८६४ च्या मोहिमेत मात्र एक गाडीवान चाबकाच्या दांड्यानं घोड्याच्या तोंडावर मारताना दिसला. ग्रँट घोडा दौडवत त्याच्यावर धावून गेले, कडक शब्दांत झापलं आणि त्याला सहा तास झाडाला बांधून ठेवण्याचा हुकूम दिला. हजारो माणसं पडलेली पाहून शांत राहणारा सेनापती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत धुसफुसत होता.

शरणागती आणि नांगराचे घोडे

९ एप्रिल १८६५. सिनसिनाटीवर बसून ग्रँट ॲपोमॅटॉक्सला पोहोचले. समोर दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली. शरणागतीच्या अटींमध्ये अधिकाऱ्यांना स्वतःचे घोडे ठेवायची मुभा होती. ली यांनी लक्षात आणून दिलं की आपल्या फौजेत साध्या सैनिकांचे घोडेही त्यांच्या स्वतःच्या मालकीचे आहेत.

ग्रँट यांना ही गोष्ट माहीत नव्हती. पण अकराव्या वर्षापासून नांगर धरलेल्या माणसाला तिचा अर्थ लगेच कळला. पेरणीचे दिवस होते. घोडा नसेल तर शेत पडीक, आणि शेत पडीक तर पुढचा हिवाळा उपाशी. ज्यांचा ज्यांचा घोडा किंवा खेचर असेल त्यांना ते घरी नेऊ द्या, असा आदेश त्यांनी दिला. पराभूत फौज जी घराकडे निघाली, ती मनात थोडी कमी कटुता घेऊन.

तीन वाजले की तबेला

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ग्रँट यांनी व्हाइट हाउसच्या तबेल्यात सिनसिनाटी, जेफ डेव्हिस आणि इजिप्त यांना तर आणलंच, शिवाय गाडीचे घोडे आणि मुलांसाठी तट्टंही ठेवली. त्यांचा दिवस ठरलेला असे. सकाळी वर्तमानपत्रं, न्याहारी, थोडं चालणं, दहाच्या सुमारास कार्यालय. दुपारी तीनच्या सुमारास कामकाज संपलं की पाय वळायचे तबेल्याकडे. तिथे प्रत्येक घोड्याकडे स्वतः पाहायचं आणि मग बग्गी जोडून बाहेर पडायचं. लगाम अर्थातच स्वतःच्या हातात. वेस्ट यांनी अडवलेली बग्गी अशाच एका फेरीतली.

इथवर सगळं जमलं, कारण घोडे चार पावलांवर होते. पण ग्रँट यांचं स्वप्न मोठं होतं. सेंट लुइसजवळची सासऱ्यांची व्हाइट हेवन ही जमीन त्यांनी घेतली होती. निवृत्तीनंतर तिथे जातिवंत घोड्यांची पैदास करायची असा बेत होता. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला २५ घोडे मावतील एवढा तबेला बांधला. आणि वॉशिंग्टनहून पत्रांवर पत्रं जाऊ लागली. कोणत्या घोड्याला काय द्यायचं, पैदाशीचं काय, शिंगरांना तालीम कशी द्यायची, वैरणीचं पीक कुठे घ्यायचं, असे बारीकसारीक तपशील देशाचा कारभार पाहणारा माणूस शेकडो मैलांवरच्या कारभाऱ्याला कळवत होता.

ते चाललं नाही. कारभारी बदलून पाहिला, पैसे ओतले, पण आवक कमी आणि खर्च जास्त. घोडा पत्रानं सांभाळता येत नाही. त्याचा पाय लंगडतोय का, तो दाणा सोडतोय का, हे रोज समोर उभं राहिलेल्यालाच दिसतं. १८७५ मध्ये ग्रँट यांनी हा नाद सोडला आणि जनावरं लिलावात काढायला सांगितली.

सिनसिनाटीचं मात्र वेगळं झालं. म्हातारपणी त्याला बालमित्र डॅनियल ॲमन यांच्या मेरीलँडमधल्या शेतावर ठेवलं गेलं. लहानपणी ग्रँट यांना बुडताना वाचवणारे ते हेच. १८७८ मध्ये तो घोडा तिथेच मेला. तेव्हा ग्रँट परदेशात होते.

जगप्रवास आणि शेवटचं पुस्तक

पद सोडल्यावर ग्रँट पती-पत्नी जगाच्या प्रवासाला निघाले होते. १८७८ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानानं त्यांना लेपर्ड आणि लिंडन ट्री असे दोन घोडे भेट दिले. फेब्रुवारी १८७९ मध्ये ग्रँट मुंबईत उतरले. मलबार पॉइंटच्या सरकारी बंगल्यात गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांचा पाहुणचार घेऊन ते पुढे उत्तर हिंदुस्थानात गेले.

अमेरिकेत परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये त्यांनी एका पेढीत पैसा घातला. १८८४ मध्ये भागीदाराच्या लबाडीनं पेढी बुडाली आणि ग्रँट कंगाल झाले. दीड लाख डॉलरचं कर्ज फेडण्यासाठी व्हाइट हेवनसुद्धा विल्यम व्हँडरबिल्ट यांच्या नावे करून द्यावं लागलं. त्याच वर्षी घशाचा कर्करोग उघड झाला.

पत्नीच्या पदरी काही पडावं म्हणून ते आत्मचरित्र लिहायला बसले. हस्तलिखित पुरं झालं आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, त्यांचं निधन झालं. या पुस्तकानं ज्युलिया यांना सुमारे साडेचार लाख डॉलर मिळवून दिले.

पुस्तकाचा बराचसा भाग लढायांचा आहे. पण सुरुवातीच्या पानांवर एका आठ वर्षांच्या पोराची फजिती आहे आणि नावेचं चाक फिरवणाऱ्या आंधळ्या घोड्याची आठवणही आहे. बोलणं अवघड झालेल्या, दिवस मोजून लिहिणाऱ्या माणसानं त्या घोड्यासाठी तेव्हाही वेळ काढला होता. सेंट लुइसजवळचा त्यांचा तबेला आजही उभा आहे. तिथे घोडे नाहीत, संग्रहालय आहे.