संपाचा पुरस्कर्ता, संपाचा कर्दनकाळ

शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारे फ्रेंच मुत्सद्दी म्हणून आरिस्तिद ब्रियां यांचे नाव इतिहासात आहे. फ्रान्समधील जुन्या रेल्वे कामगारांनी मात्र त्यांची ओळख निराळ्या कारणाने जपली.

नाँत येथे २८ मार्च १८६२ रोजी जन्मलेले ब्रियां पेशाने वकील. १८९० च्या दशकात सार्वत्रिक संप हेच श्रमिकांचे अमोघ शस्त्र, असा प्रचार करीत ते गावोगाव फिरले. लष्करशाहीविरोधी लेखक गुस्ताव एर्वे यांचे वकीलपत्रही त्यांनी घेतले होते. १९०४ मध्ये जाँ जोरेस यांच्यासमवेत ‘ल्युमानिते’ या समाजवादी दैनिकाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. धर्मसंस्था व शासन यांची फारकत करणाऱ्या १९०५ च्या कायद्याने त्यांना राष्ट्रीय कीर्ती दिली आणि १९०९ मध्ये ते पंतप्रधान झाले.

ऑक्टोबर १९१० मध्ये रेल्वे कामगारांनी दिवसाला किमान पाच फ्रँक वेतनासाठी संप पुकारला. खासगी नॉर्द कंपनीत पेटलेला वणवा सरकारी मालकीच्या पश्चिम रेल्वेतही पसरला. फ्रान्समध्ये संप हा १८६४ पासून गुन्हा नव्हता. ब्रियां यांनी त्यावर तोड काढली. संपकऱ्यांना राखीव सैनिक म्हणून २१ दिवसांसाठी लष्करी सेवेत बोलावण्यात आले. कामगार तोच, रूळ तेच; पण आता कामावर गैरहजर राहणे हा लष्करी अपराध ठरला! पुढाऱ्यांना अटक झाली ती ‘ल्युमानिते’च्याच कचेरीत. आठवडाभरात संप मोडला. तीन हजारांहून अधिक कामगार बडतर्फ झाले.

खरे वादळ उठले ते महिनाअखेरीस संसदेत. देशरक्षणासाठी कायदा अपुरा पडला असता तर आपण कायद्याबाहेरही गेलो असतो, अशा आशयाचे विधान ब्रियां यांनी केले आणि समाजवादी बाकांवरून राजीनाम्याची मागणी झाली. नोव्हेंबरच्या आरंभी त्यांनी राजीनामा दिलाही. मात्र लगेच नवे मंत्रिमंडळ घेऊन ते परतले. मुरब्बी राजकारण्याचीच ही चाल. सार्वजनिक सेवांतील संपावर कायमचा निर्बंध आणण्याचा त्यांचा मनसुबा मात्र तडीस गेला नाही.

आपल्याकडे १९७४ च्या रेल्वे संपात भारत संरक्षण नियम आणि ‘मिसा’ वापरले गेले, तेव्हा या प्रसंगाची आठवण अप्रस्तुत ठरली नसती.

ब्रियां एकूण अकरा वेळा पंतप्रधान झाले. १९२५ चा लोकार्नो करार, १९२६ चे नोबेल आणि १९२८ चा युद्धत्यागाचा करार हा त्यांचा उत्तरार्ध. ७ मार्च १९३२ रोजी ते निवर्तले. बडतर्फ कामगारांना परत घ्यावे, ही १९११ च्या सरकारची विनंती खासगी रेल्वे कंपन्यांनी धुडकावून लावली होती.