योहान सेबास्टियन बाख : साऱ्या घराने उतरवलेली मिस्सा

आज संगणकावर एका मूळ पानावरून प्रत्येक वाद्याची वेगळी स्वरलिपी क्षणात निघते. गायनवृंदाच्या हाती ती पाने पाहिली की आम्हांला बाख आठवतात.

बाख यांचा जन्म १६८५ साली जर्मनीतील आयझेनाख येथे झाला. दहाव्या वर्षी ते पोरके झाले. १७२३ पासून ते लायपझिगच्या संत थॉमस चर्चचे संगीतप्रमुख होते. रविवार कोणासाठी थांबत नसे. प्रत्येक वाद्याची प्रत हाताने लिहावी लागे. तेथील ऑर्गन चढ्या सुरात लावलेला असल्यामुळे त्याची प्रत एक पूर्ण स्वर खाली लिहावी लागे. नाहीतर भर उपासनेत बेसूर!

नगरसभेशी खटके उडत होते. १७३३ साली लुथरपंथीय बाख यांनी ड्रेस्डेनच्या कॅथलिक शासकाला ‘किरिये’ व ‘ग्लोरिया’ अर्पण करून दरबारी पद मागितले. त्यांच्यासोबत पत्नी आन्ना माग्दालेना आणि मुलांनीही प्रती उतरवल्या. पद मिळाले १७३६ साली. १७५० मध्ये बाख निवर्तले.

त्यातील कोणत्याही एका प्रतीत पूर्ण मिस्सा नाही. आमच्या धर्मग्रामाचेही तसेच आहे. प्रत्येकाच्या हाती एकच ओळ. ती मात्र नीट वाजवू या.